चार्ली बॉर्न नावाचा सोळा वर्षांचा सैनिक

कमांडो कॉमिक्स आठवतात? तळहाताहून जरा मोठी पुस्तिका, वर रंगीत मुखपृष्ठ, आत काळीपांढरी चित्रं. सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलांना ती स्टेशनवरच्या स्टॉलवर, रद्दीच्या दुकानात किंवा भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीत हमखास मिळायची. युद्ध म्हणजे काय, याची माझ्या पिढीतल्या अनेकांची पहिली कल्पना तिथूनच आली. विमानं, रणगाडे, ‘आख्टुंग’ ओरडणारे जर्मन, आणि शेवटच्या पानावर जिंकलेला ब्रिटिश सार्जंट.

रद्दीतल्या त्याच ढिगात कधीमधी ‘बॅटल’ नावाच्या ब्रिटिश साप्ताहिकाचे सुटे अंक सापडत. त्यात एक मालिका असे, ‘चार्लीज वॉर’. अंक सलग मिळत नसत, त्यामुळे गोष्ट कुठून आली आणि कुठे गेली याचा पत्ता लागत नसे. पण त्यातला चिखल, उंदीर आणि त्या पोराचा भेदरलेला चेहरा डोक्यातून जात नसे. पुढे ती पुस्तकरूपात सलग वाचली, तेव्हा कळलं की ब्रिटनमध्ये आज पन्नाशी-साठीत असलेली माणसं अजून तिच्याबद्दल इतक्या आपुलकीने का बोलतात.

आज तिच्याविषयी लिहिण्याचं कारण वेगळं आहे. पहिलं महायुद्ध आपल्याकडे कुणाला नीट समजलेलं नसतं. शाळेच्या पुस्तकात साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून असतो, मग थेट व्हर्सायचा तह. मधल्या चार वर्षांत लाखो माणसं काही किलोमीटर जमिनीसाठी मेली कशी, सेनापतींना ते दिसत नव्हतं का, सैनिकांनी ऐकलं कसं, हे प्रश्न तसेच राहतात. या चित्रकथेने ते प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलांना समजावून दाखवले. ते कसं जमवलं, तेच इथे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये मुलांसाठी युद्धकथांची लाट आली. डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीने १९६१ साली कमांडो सुरू केलं, ते आजही निघतं. १९७५च्या मार्चमध्ये आयपीसी या प्रकाशनसंस्थेने ‘बॅटल पिक्चर वीकली’ काढलं. पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर या तरुण लेखकांनी ते उभं केलं. (वॅग्नर म्हणजे पुढे जज ड्रेड या गाजलेल्या कॉमिक-पात्राच्या निर्मात्यांपैकी एक.) स्वस्त कागदावर छापलेला अंक, आत पाच-सहा धारावाहिक गोष्टी, प्रत्येकीला तीन-चार पानं, आणि शेवटी उत्कंठा ताणून ‘पुढील अंकी’.

या सगळ्या गोष्टी जवळपास दुसऱ्या महायुद्धाच्याच असत. पहिल्या महायुद्धाकडे कॉमिकवाले फिरकत नसत, आणि त्याचं कारण सरळ आहे. चित्रकथेला हालचाल लागते, तर त्या युद्धात सैनिक महिनोन्महिने एकाच खंदकात बसून होते. शिवाय विजय दाखवायचा तर कुठला दाखवणार?

तरीही ६ जानेवारी १९७९च्या अंकात पॅट मिल्सने लिहिलेली आणि जो कहून या चित्रकाराने काढलेली ‘चार्लीज वॉर’ सुरू झाली. कहून स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता आणि त्याआधी याच साप्ताहिकात ‘जॉनी रेड’ ही वैमानिकाची मालिका काढत होता.

चार्ली कोण?

चार्ली बॉर्न हा लंडनच्या कामगार वस्तीतला मुलगा, बस डेपोत कामाला. वय सोळा. सैन्यात भरती व्हायला अठरा पूर्ण लागत आणि परदेशी आघाडीवर जायला एकोणीस. तो अठरा सांगतो, पण फॉर्मवर जन्मतारीख मात्र खरीच लिहून बसतो. भरती करणाऱ्याला ते दिसतं आणि तो दुर्लक्ष करतो.

हे लेखकाच्या मनचं नाही. त्या युद्धात वयाची अट मोडून भरती झालेल्या ब्रिटिश पोरांची संख्या अडीच लाखांच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. माणसं हवी होती, जन्माचा दाखला कुणी मागत नव्हतं.

चार्ली हुशार नाही. त्याला नीट लिहिता येत नाही. घरी लिहिलेल्या पत्रांत शुद्धलेखनाच्या चुकाच चुका असतात. पण तो मनाने सरळ आहे, मित्राला सोडून जात नाही. युद्धकथेचा नायक म्हणून मिल्सला एवढंच भांडवल पुरलं.

खंदकाचं युद्ध म्हणजे नेमकं काय?

१९१४च्या अखेरीस पश्चिम आघाडी गोठली. उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर, दोन्ही बाजूंनी जमिनीत खणलेल्या चरांच्या रांगा. हेच खंदक. दोन्हींच्या मधल्या पट्ट्याला सैनिक ‘नो मॅन्स लँड’ म्हणत. कुठे तो शेकडो मीटर रुंद, तर कुठे समोरच्याचा खोकला ऐकू येईल इतका अरुंद. आणि दोन्ही खंदकांपुढे काटेरी तारांचं जाळं.

यात बचाव करणाऱ्याचं पारडं जड होतं. मशीनगन मिनिटाला शेकडो गोळ्या झाडत होती आणि तिच्यासमोर उघड्यावरून चालत यायचं होतं. समजा एवढं करून समोरचा खंदक घेतलाच, तरी पुढे काय? उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात पाण्यासाठी झिरा खणताना जे होतं, तेच इथे व्हायचं. आपण वाळू उपसतो आणि कडेची वाळू पुन्हा आत ढासळते. बचाव करणारा आपल्या मागच्या रेल्वेने ताजी कुमक आणून भगदाड बुजवायचा. हल्ला करणाऱ्याला मात्र तोफा आणि दारूगोळा त्या उखणलेल्या चिखलातून ओढत आणावा लागे. जिंकलेला खंदक मागच्यांपर्यंत कळवायचा, तर तोफमाऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटलेल्या असत आणि माणूस पळवावा लागे. चार्लीच्या वाट्याला अशी पळापळ अनेकदा येते, आणि तिथे वाचणाऱ्या मुलाला कुणी व्याख्यान न देता कळतं की वर बसलेल्या अधिकाऱ्याचा हुकूम आघाडीवर पोचेपर्यंत शिळा का होतो.

१ जुलै १९१६

मालिकेची सुरुवात जून १९१६ मध्ये होते. फ्रान्समधल्या सॉम नदीच्या खोऱ्यात मोठ्या हल्ल्याची तयारी चालू असते. मुलांना तारीख माहीत नसते. मोठ्यांना असते, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक पान जड होत जातं.

इतिहासात घडलं ते असं. २४ जूनपासून आठवडाभर ब्रिटिशांनी जर्मन खंदकांवर सुमारे १५ लाख तोफगोळे टाकले. समोर जिवंत कुणी उरणारच नाही, अशी अपेक्षा होती. पण बरेच गोळे फुटलेच नाहीत. अनेक गोळे शिशाच्या गोळ्या उडवणारे होते, त्यांनी काटेरी तारा नीट तुटत नव्हत्या. आणि तिथली जमीन खडूच्या मऊ दगडाची असल्याने जर्मनांनी नऊ-दहा मीटर खोल भुयारं खणून ठेवली होती. सकाळी साडेसातला तोफमारा पुढे सरकला, ब्रिटिश सैनिक पाठीवर तीसेक किलोचं ओझं घेऊन निघाले. त्यांना न तुटलेल्या तारांतून वाट काढत तो पट्टा ओलांडायचा होता, आणि जर्मनांना भुयाराच्या पायऱ्या चढून मशीनगन मांडायची होती. बहुतेक ठिकाणी जर्मन आधी पोचले.

त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याने ५७,४७० जण गमावले, म्हणजे ठार, जखमी, बेपत्ता किंवा कैद. त्यांतले १९,२४० मृत. दक्षिणेकडे काही ठिकाणी हल्ला यशस्वीही झाला, पण उत्तरेत कत्तल झाली.

यात एक गोष्ट फार जिव्हारी लागणारी आहे. भरतीच्या वेळी सरकारने आश्वासन दिलं होतं की एका गावची, एका गिरणीतली मुलं एकत्र भरती झाली तर एकाच पलटणीत राहतील. त्यांना ‘पाल्स’ म्हणजे दोस्तांच्या पलटणी म्हणत. लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टन या गिरणगावाची अशी पलटण त्या सकाळी सेर गावावर चालून गेली. हल्ल्यातल्या सुमारे ७२० पैकी ५८४ जण अर्ध्या तासात ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. बातमी त्याच काही गल्ल्यांतल्या घरांवर येऊन आदळली.

सॉमची लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली. सगळ्या बाजूंचे मिळून दहा लाखांहून जास्त जायबंदी किंवा मृत, आणि आघाडी पुढे सरकली जेमतेम दहा किलोमीटर.

मुलांच्या साप्ताहिकात हे बसवलं कसं?

मुख्य युक्ती पत्रांची. चित्रात चार्ली मानेपर्यंत संकटात असतो आणि शेजारी त्याच्याच अक्षरात घरच्यांना लिहिलेलं पत्र असतं: सगळं ठीक, जेवण बरं आहे, काळजी करू नका. घरून येणाऱ्या पत्रांत घरगुती कुरबुरी असतात आणि त्या वाचताना वर तोफगोळे पडत असतात. लेखक कुठेही ‘सरकार खोटं बोलत होतं’ असं म्हणत नाही. पत्र आणि चित्र यांच्यातली तफावत मुलाला स्वतःच दिसते. खरोखरीच्या सैनिकांची पत्रं अधिकारी आधी वाचत आणि आक्षेपार्ह मजकूर खोडत. घाईच्या वेळी वापरायला छापील कार्डंही असत. ‘मी ठीक आहे’, ‘मला इस्पितळात दाखल केलं आहे’ अशी तयार वाक्यं, त्यांतलं नको ते खोडायचं आणि सही करायची. त्यावर जास्तीचा एक शब्द लिहिला तरी कार्ड फाडून टाकत.

दुसरी गोष्ट कहूनची रेघ. त्याची चौकट दाटीवाटीची असते, आणि त्या दाटीत प्रत्येक वस्तू खरी असते. खंदकाच्या भिंतीला लावलेल्या फळ्या, वाळूच्या पोत्यांची वीण, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांवर वाळलेला चिखल. पार्श्वभूमीला उभा असलेला, एकही संवाद नसलेला सैनिकसुद्धा एक विशिष्ट माणूस वाटतो: याचं नाक मोडलेलं, त्याने तीन दिवस दाढी केलेली नाही. त्यामुळे पुढच्या पानावर तो मेला की वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. हे काम कहूनने जवळपास आठ वर्षं, दर आठवड्याला केलं. मला विचाराल तर या मालिकेचं निम्मं श्रेय या चित्रकाराचं आहे, आणि ते त्याला हयातीत पुरेसं मिळालं नाही. १९८७ साली तो वारला.

तिसरी गोष्ट मृत्यूची. जिंजर हा चार्लीचा जिवलग दोस्त, सतत कुरकुर करणारा, वाचकांचा लाडका. साध्या युद्धकथेत असा दोस्त मरताना दोन शब्द बोलून जातो, शत्रूचे दहा जण लोळवतो. इथे काहीच घडत नसताना एक गोळा येतो आणि जिंजर संपतो. उरलं ते चार्ली एका पोत्यात भरतो आणि ते पोतं घेऊन निघतो. धक्क्याने त्याला आजूबाजूचं भानच राहत नाही. तोफगोळा माणूस निवडून मारत नाही, ही त्या युद्धातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मुलांना एका पोत्यातून कळली.

पण मुलांना इतकं भयंकर दाखवावं का?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी वयाने मोठा झाल्यावर शोधलं. युद्ध मुलांना दाखवलं जात होतंच. दर आठवड्याला डझनावारी गोष्टींत माणसं मरत होती, फक्त ती मरताना कुणाला दुखत नव्हतं. ‘चार्लीज वॉर’ने हिंसेला किंमत लावली. त्यातलं भय अंगावर येतं, पण प्रेत दाखवण्याची हौस कुठेही दिसत नाही. नजर नेहमी मागे राहिलेल्यावर असते. आणि मालिकेत उबदार जागा भरपूर आहेत: बिल टोझर हा पोरांना सांभाळून घेणारा जुना सार्जंट, खंदकातली चेष्टा, घरून आलेला केक वाटून खाणं. मुलांना हे सोसवलं नसतं तर मालिका टिकली नसती. प्रत्यक्षात ती साप्ताहिकाच्या सर्वांत लोकप्रिय गोष्टींपैकी एक ठरली. १९८२ साली ब्रिटन अर्जेंटिनाविरुद्ध फॉकलंडच्या युद्धात होतं आणि वर्तमानपत्रं जोशात होती, तेव्हाही ती दर आठवड्याला तितक्याच ठामपणे चालू होती.

ही गोष्ट एकांगी नाही का?

थोडी आहे. कॅप्टन स्नेल हा अधिकारी इतका दुष्ट आहे की कधीकधी खोटा वाटतो. सैनिक सिंह आणि त्यांचे सेनापती गाढव, हे मत ब्रिटनमध्ये साठच्या दशकापासून रुजलं होतं आणि मिल्स त्याच बाजूचा. अनेक इतिहासकारांना आज ते पटत नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांतले सुमारे १७ टक्के मारले गेले, साध्या सैनिकांत हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे तरुण अधिकारी मागे लपून बसले नव्हते. आणि तेच सैन्य तोफा, रणगाडे आणि विमानं एकत्र वापरायला शिकून १९१८च्या ऑगस्टपासून जर्मन फळी मोडू शकलं.

पण मिल्सने चांगला अधिकारीही उभा केला आहे. लेफ्टनंट थॉमस आपल्या माणसांचा जीव वाचवण्यासाठी हुकमाशिवाय माघार घेतो. त्याच्यावर लष्करी खटला चालतो आणि गोळ्या घालण्याची शिक्षा होते. गोळ्या घालणाऱ्या तुकडीत चार्ली आणि त्याचा दोस्त वीपर यांना उभं केलं जातं. ते दोघं गोळी झाडायला नकार देतात. त्यांना मिळते ‘फील्ड पनिशमेंट नंबर वन’, म्हणजे दिवसाचे दोन तासांपर्यंत चाकाला किंवा खांबाला उघड्यावर बांधून ठेवण्याची शिक्षा.

इथे कल्पनेला इतिहासाचा भक्कम आधार आहे. त्या युद्धात ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी तीन हजारांवर मृत्युदंड सुनावले. त्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास अमलात आले, बहुतेक पळून जाणं किंवा भेकडपणा या आरोपांखाली. तोफमाऱ्याने मन कोलमडतं, याची समज तेव्हा नुकती येत होती. त्यामुळे यातले किती जण गुन्हेगार आणि किती आजारी, याचा निवाडा झालाच नाही. कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून राहावं लागलं. ब्रिटिश संसदेने यांतल्या ३०६ जणांना माफी दिली ती २००६ साली. थॉमसचा प्रसंग मुलांच्या साप्ताहिकात त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी छापला गेला होता. सप्टेंबर १९१७ मध्ये फ्रान्समधल्या एताप्लच्या छावणीत जाचक शिस्तीविरुद्ध सैनिकांनी केलेलं बंडही या मालिकेत सविस्तर येतं.

हे सगळं ब्रिटिशांचं दुखणं. आपला काय संबंध?

चार्ली सॉमच्या खंदकात उतरतो, त्याच्या महिनाभर आधी, २९ एप्रिल १९१६ ला, आजच्या इराकमध्ये कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदुस्थानी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. पाच महिन्यांच्या वेढ्यात माणसं उपाशी होती. त्या फौजेत १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा अशा पलटणी होत्या. चार्ली फॉर्मवर जन्मतारीख लिहीत होता त्या सुमारास ती मराठी माणसं वाळवंटातून कैदी म्हणून चालवली जात होती, आणि त्यांतले कित्येक वाटेतच गेले.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल इथे हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे, त्यावर ४,७०० च्या वर नावं कोरलेली आहेत. सॉमच्या लढाईतही १४ जुलै १९१६ ला हाय वूडजवळ घोडदळाचा जो हल्ला झाला, त्यात विसावी डेक्कन हॉर्स ही हिंदुस्थानी रेजिमेंट होती. मशीनगनसमोर भाले घेऊन.

या माणसांची पत्रंही अधिकारी वाचत होते. अनेकांना लिहिता येत नसे, मग दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. चार्लीच्या मोडक्या अक्षरात काय दडलंय हे ज्याला कळलं, त्याला अपशिंग्यातल्या पत्रांचीही कल्पना करता येईल. आपल्याकडच्या एखाद्या जोडीने कुतच्या वेढ्यावर अशी मराठी चित्रकथा करावी, असं मला मनापासून वाटतं. सामग्री पडून आहे.

वाचायची तर कुठून सुरुवात करावी?

टायटन बुक्सने २००४ ते २०१३ या काळात ही मालिका दहा खंडांत छापली. २०१८ साली रिबेलियनने ती तीन जाड खंडांत पुन्हा आणली, आणि आता घ्यायची तर हीच आवृत्ती सोयीची. क्रमाने वाचा. मधूनच उघडली तर ब्लू या पळून आलेल्या सैनिकाने सांगितलेली व्हर्दनच्या लढाईची हकिगत चटकन पकडते, पण जिंजरची ओळख आधी झालेली असली तरच बाकीचं पोचतं. इंग्रजी सोपं आहे. फक्त चार्लीची पत्रं मोठ्याने वाचावी लागतात, मग चुकलेल्या स्पेलिंगमागचा शब्द ऐकू येतो.

मिल्सने १९८५च्या सुरुवातीला मालिका सोडली. संशोधनाच्या खर्चावरून प्रकाशकाशी मतभेद झाले होते. पुढे स्कॉट गुडॉलने चार्लीला दुसऱ्या महायुद्धात नेलं आणि १९८६ साली ती थांबली. तो भाग वाचला नाही तरी चालेल. मिल्सचा शेवटचा भाग मात्र चुकवू नका. त्यात साल आहे १९३३, चार्ली बेकार आहे, आता पुन्हा युद्ध होणार नाही अशी त्याची खात्री आहे, आणि जर्मनीत हिटलर चॅन्सेलर झालेला आहे.